खिशातला तैलरंगाचा डबा आणि खान्देशचं ऊन

तापीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच. मी जळगावला असतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघून कुठेतरी नदीकाठी नाहीतर शेताच्या बांधावर बसतो आणि तैलरंगात निसर्गचित्रं करतो. छोटी म्हणजे खरंच छोटी, अडीच बाय साडेतीन इंच, पत्त्याच्या पानाच्या मापाची. सगळं सामान शाळेतल्या पत्र्याच्या कंपासपेटीत बसतं आणि ती पेटी झब्ब्याच्या खिशात.

पेटी अशी आहे. तळाला पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा कापून बसवलाय, ते रंग मिसळायचं पॅलेट. कडेने पाच रंग, प्रत्येकी मुगाच्या दाण्याएवढा, पांढरा दुप्पट. टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. ब्रशचे दांडे करवतीने निम्मे केलेत. आणि बोर्ड झाकणात उभा राहतो, कारण त्याच्या मागे जाहिरातीच्या लवचिक चुंबकाचा तुकडा चिकटवलाय (ते गॅस एजन्सीवाले नाहीतर पिझ्झावाले फ्रिजवर लावायला देतात ना, तेच).

आता माझं म्हणणं. आपल्याकडे फाल्गुनापासून पुढे बाहेर बसून रंगवायचं असेल तर जलरंगापेक्षा तैलरंगच बरे. जलरंगाचा वॉश (पाणीदार पातळ थर) कागदावर पसरेपर्यंत त्याची कड वाळून पक्की होते, आभाळ एकसलग येतच नाही. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे बेचाळीस अंशातही रंग तासभर आरामात हलवता येतो, पुसता येतो, वर दुसरा बसवता येतो. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही बोर्ड कशाचे वापरता, टर्पेंटाइन सोबत नेता का, ओलं चित्र घरी कसं आणता, सगळं सांगा.

जिभाऊ_साक्री
पहिला नंबर मन्हा. भाऊ फोटो टाका ना, नुसतं वाचीसन पोट भरत नही.

रंगरेषा
छान धागा. मी अमळनेरला शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं असतात. लहान आकाराबद्दल माझं मत खिशाच्या सोयीपेक्षा थोडं पुढचं आहे. पत्त्याएवढ्या जागेत झाडाची पानं काढायची सोयच नसते, त्यामुळे डोळे बारीक करून आधी ठरवावंच लागतं की उजेड कुठे, सावली कुठे, आभाळ जास्त उजळ की जमीन. मोठ्या कागदावर मुलं (आणि मोठी माणसंही) एका कोपऱ्यातल्या खिडकीत अर्धा तास घालवतात आणि तोवर ऊन निघून जातं. लहान बोर्डावर चार-पाच आकारांतच सगळं सांगायचं. ब्रश मात्र त्यामानाने मोठा घ्या, चपटा, चार नंबरचा. बारीक ब्रश घेतलात तर लहान आकाराचा सगळा फायदा गेला.

पाणीरंग
मूळ मुद्द्याशीच असहमत. जलरंगवाले उन्हात हरतात हे मान्य नाही. कागद मागून पुढून भिजवून घ्या, रंगात थेंबभर ग्लिसरीन घाला, सकाळी सातला बसा, आभाळ व्यवस्थित येतं. आणि अडीच बाय साडेतीनचं आभाळ रंगवायला लागतो किती वेळ? एक फटकारा. कड वाळायची भीती मोठ्या कागदाला. म्हणजे तुम्ही आकार लहान केलात तिथेच तुमची अडचण संपली, मग तेल कशाला? वर जलरंगाला ना चिंध्या, ना वास, ना ओलं चित्र सांभाळायचं टेन्शन.

तापीकाठ
@पाणीरंग, मुद्दा बिनतोड आहे, आभाळापुरता तरी. पण माझं अडतं ते पुढे. सातपुडा घ्या. यावल-फैजपूरकडून सकाळी डोंगर बघितला तर तो आभाळापेक्षा जेमतेम एक पायरी गडद असतो, निळसर राखाडी, आणि त्याची वरची कड अर्धवट विरघळलेली. जलरंगात ती कड ओल्यात ओलं सोडून आणायची तर आभाळ नेमकं किती ओलं आहे यावर सगळा खेळ, आणि ते इथे मिनिटाला बदलतं. तेलात डोंगर ठेवायचा, मग कोरड्या ब्रशने कड आभाळात ओढायची, नाही पटली तर परत ठेवायचा. दुसरं म्हणजे जलरंग वाळला की फिका पडतो, तो अंदाज आधीच धरावा लागतो. तेलात जो रंग लावला तोच समोर दिसतो, डोंगराशी तिथल्या तिथे ताडून बघता येतो.

पाणीरंग
ताडून बघण्याचा मुद्दा घेतला. बाकी आपलं मत कायम.

केळीवाला_रावेर
चित्रातलं काही कळत नाही पण एक अनुभव सांगतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या बांधावर एक जण असाच डबी उघडून बसलेला. मला वाटलं पीकविम्याचा पंचनामा करायला माणूस आला, लगेच पाण्याचा तांब्या घेऊन गेलो आणि वाऱ्याने पडलेली केळी दाखवायला लागलो. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग डबी फिरवून दाखवली. आमचाच मळा होता, एवढुसा! आणि खरं सांगतो, कोणत्या ओळीला पाणी कमी पडलंय ते त्या चित्रात दिसत होतं, तिथलं हिरवं जरा पिवळट होतं. ठिबकची नळी तुंबलेली निघाली. तो तूच होतास का रे तापीकाठ भाऊ?

तापीकाठ
नाही हो काका, मी नव्हतो. पण ज्याने कोणी केलं त्याला भेटायला आवडेल. केळीचं हिरवं सोपं नाही.

सातपुडा_भटक्या
केळीच्या हिरव्यावर वेगळा धागा निघायला पाहिजे!! मी ट्यूबमधलं तयार हिरवं लावून बघितलं, सगळी बाग प्लास्टिकची दिसते.

रंगरेषा
केळीचं पान एकाच वेळी दोन-तीन हिरवे दाखवतं, गंमत तीच आहे. सूर्य पानाच्या मागे असेल तर उजेड पानातून गाळून येतो, तिथे हिरवं पिवळ्याकडे झुकतं आणि अगदी पेटल्यासारखं दिसतं, त्यात लेमन यलो जास्त. तेच पान आडवं वाकलं की वरच्या बाजूला आभाळ चमकतं, तिथे हिरवं जवळजवळ नसतंच, निळसर राखाडी, अल्ट्रामरीन आणि पांढरा आणि नावाला पिवळा. आणि बागेच्या आतल्या सावलीत बर्न्ट सिएना घातलेलं काळपट हिरवं. हे तीन डाग शेजारी शेजारी बरोबर पडले की केळी आपोआप होते, शिरा काढायची गरज नाही. थॅलो ग्रीन किंवा थॅलो ब्लू असल्या लहान डब्यात ठेवू नका, इतका जोरकस असतो की टोकभर सांडला तरी सगळं पॅलेट हिरवं करतो.

घाण्याचं_तेल
आमचा लाकडी घाणा आहे, जवस पण काढतो, चटणीवाले आणि औषधाला नेणारे येतात. या धाग्यामुळे विचारतो, घाण्यावरचं जवसाचं तेल रंगात चालतं का? की ते वेगळं असतं?

भुसावळ_जंक्शन
तेल तेच, पण आर्टिस्टवालं शुद्ध केलेलं असतं, त्यातला चिकट गाळ काढलेला असतो. घाण्यावरचं महिनोन् महिने उन्हात काचेच्या बाटलीत ठेवून निवळवलं तर वापरणारे आहेत. मुख्य गोष्ट अशी की वाळणारं तेल पाहिजे. जवस वाळतं, अक्रोड वाळतं, करडईचं जरा सावकाश वाळतं पण कमी पिवळं पडतं म्हणून पांढऱ्या रंगात कंपन्या करडईचं तेल वापरतात. शेंगदाण्याचं तेल मात्र अजिबात घालू नका, ते वाळत नाही, चित्र वर्षभर चिकट राहील. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेलही नको, ते दारं-खिडक्यांसाठी, लवकर वाळतं खरं पण काळपट पिवळं होतं.

घाण्याचं_तेल
धन्यवाद काका. म्हणजे करडई आणि जवस दोन्ही आपल्या मातीतलेच. बरं वाटलं वाचून.

धुळे_लळिंग
टर्पेंटाइनबद्दल. मी नेतच नाही. ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत नेता येत नाही आणि एसटीत सांडलं तर अख्खी गाडी शिव्या घालते. शेतात ब्रश नुसता चिंधीने पुसायचा, गडद रंगासाठी एक ब्रश आणि उजेडासाठी एक. फारच मळला तर करडईच्या तेलाच्या थेंबात बुडवून पुसायचा. घरी आल्यावर साबणाने धुवायचा. थिनरशिवाय अख्खं चित्र होतं, रंग जरा जाडसर लागतो एवढंच, आणि लहान चित्राला तो जाडपणा शोभतो.

आणखी एक, हे मनावर घ्या. तेलाच्या चिंध्या बोळा करून पिशवीत, गाडीच्या डिकीत ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ही ऐकीव भीती नाही, सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये आगी लागण्याचं हे जुनं कारण आहे. आपल्या मे महिन्यात तर बोलायलाच नको. पाण्याने भरलेल्या बरणीत टाका नाहीतर एकेक पसरून वाळू द्या.

सातपुडा_भटक्या
बापरे, चिंध्यांचं माहीतच नव्हतं. माझ्या बाइकच्या डिकीत आहेत आत्ता. उठलोच.

जिभाऊ_साक्री
भटक्या भाऊ, पळ!

भुसावळ_जंक्शन
आमच्या भुसावळचा उल्लेख केल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात करणारा मेजर रॉबर्ट गिल भुसावळला पुरलेला आहे. १८४४ पासून तो अजिंठ्याला राहून कॅनव्हासवर मोठमोठ्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ च्या आगीत जळाल्या. इतक्या वर्षांचं काम! पण गडी परत कामाला लागला. १८७९ साली आजारपणात भुसावळला आणताना वाटेतच गेला. मी नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत कितीदा त्या कबरीशी जाऊन यायचो. खान्देशात तैलरंग कोणी वापरतं का असं कोणी विचारलं की मी त्याचं नाव सांगतो.

पाणीरंग
काका, माहिती फार आवडली. पण गिल मोठ्या कॅनव्हासवाला, इथे चाललंय खिशातलं.

भुसावळ_जंक्शन
मग खिशातल्याचंही ऐका. रंगाची धातूची ट्यूब १८४१ ला जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने काढली आणि त्यानंतरच लोक तैलरंग घेऊन बाहेर पडले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराने १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला ढगांची तैलरंगातली छोटी अभ्यासचित्रं बाहेर बसून केली, तेव्हा ट्यूब नव्हतीच, रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून मिळायचा. पेटी मांडीवर आणि कागद झाकणाला, म्हणजे आपल्या तापीकाठची कंपासपेटीच. मागच्या बाजूला तो तारीख, वेळ आणि वारा कुठला ते लिहायचा. ही सवय सगळ्यांनी लावून घ्या. नंतर जॉर्ज सरा हा चित्रकार (फ्रान्सचा, ठिपक्यांवाला) मोठ्या चित्रांच्या तयारीला सिगारच्या पेटीच्या मापाच्या फळ्या वापरायचा.

रंगरेषा
आणि आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान. कोटितीर्थाच्या काठी एकटं राहून त्याच तळ्याची, त्याच झाडांची चित्रं वर्षानुवर्षं काढली. दूर कुठे जायची गरज नसते. मी मुलांना सांगते, तुमच्या गल्लीतला निंब सकाळी आणि संध्याकाळी काढून आणा.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
विषय निघालाच आहे तर चाळीसगावचे केकी मूस राहिले. ते याच्या अगदी उलट, वर्षानुवर्षं बंगल्याबाहेर पडले नाहीत आणि टेबलावर वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्यं उभी करून फोटो काढायचे. टेबलटॉप फोटोग्राफी. त्यांचा बंगला आता संग्रहालय आहे, आलात तर बघून जा. आणि तिथून पाटणादेवीला चित्रं काढायला चला, श्रावणात तर डोंगरातून धबधबे सुटलेले असतात.

धुळे_लळिंग
फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती, तीही गावातल्या बांबूसारख्या साध्या सामानातून. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलंच अधिवेशन. आपण उगाच म्हणतो की खान्देशात कलेचं काही झालं नाही.

जिभाऊ_साक्री
धागा कथाना कथा गया भो. मूळ प्रश्न बोर्ड कशाचा हा होता ना?

तापीकाठ
😀 जाऊ द्या जिभाऊ, हे सगळं हवंच होतं. पण हो, बोर्ड?

धुळे_लळिंग
फ्रेमवाल्याकडे ३ मिमी एमडीएफचे तुकडे पडलेले असतात, चहाच्या पैशात पिशवीभर देतो. मापात कापून घ्यायचे, कडा पॉलिशपेपरने घासायच्या, दोन्ही बाजूंना एक हात चपड्याच्या पॉलिशचा म्हणजे ओल लागून फुगत नाहीत, मग पुढच्या बाजूला पॉलिशपेपर हलका फिरवून जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, एक उभा एक आडवा. जाडसर कागदसुद्धा चालतो पण त्यालाही चपडा किंवा जेसो पाहिजेच, उघड्या कागदावर तेल गेलं की काही वर्षांत कागद तपकिरी होऊन तुटायला लागतो. घराच्या भिंतीचा प्रायमर लावणारे बघितलेत, तो तेल पिऊन टाकतो आणि रंग निस्तेज, खडूसारखा दिसतो.

रंगरेषा
यात माझी भर. पांढराशुभ्र बोर्ड आपल्या उन्हात डोळ्यावर येतो, त्यावर पहिला रंग कुठलाही ठेवा, गडदच वाटतो. आदल्या आठवड्यात बर्न्ट सिएना किंवा ऑकरचा पातळ हात देऊन वाळवून ठेवा. आपल्या उन्हाळ्यातल्या जमिनीला तो खालचा तांबूस रंग जागोजागी उघडा सोडला तरी छान दिसतो. आणि बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत ठेवा. उन्हात धरून रंगवलेलं चित्र तिथे झकास वाटतं आणि घरी भिंतीवर लावलं की अंधारलेलं दिसतं, कारण ऊन होतं म्हणून आपण रंग गडद मिसळत गेलेलो असतो. छत्री घेतलीत तर काळी, रंगीत छत्रीचा रंग चित्रावर पडतो. गॉगल काढून ठेवायचा हे वेगळं सांगायला नको.

नवखी_नंदुरबार
मी अजून सुरुवातही केली नाहीये, सगळा धागा एका दमात वाचला. ओलं चित्र घरी कसं आणायचं ते कोणीच सांगितलं नाही. आणि वाळायला किती दिवस? आमच्याकडे तोरणमाळच्या यशवंत तलावावर जाऊन करायचं मनात आहे, तिथून परतायचं म्हणजे घाटातून गाडी.

तापीकाठ
@नवखी, घाटाची काळजी नको. दोन बोर्ड समोरासमोर तोंड करून ठेवायचे आणि मध्ये चार कोपऱ्यांना काडेपेटीच्या काडीचे तुकडे, वरून दोन रबरबँड. ओले भाग एकमेकांना लागत नाहीत. काडी टेकते तिथे कोपऱ्यात ठिपका राहतो, तो घरी बोटाने मिटतो. एकच चित्र असेल तर समोर कोरा बोर्ड ठेवा.

वाळण्याचं असं की आपल्या उन्हाळ्यात पातळ थर चार-पाच दिवसांत हाताला लागेनासा होतो. तेलाचे रंग एका वेगाने वाळत नाहीत. बर्न्ट अंबर सगळ्यात आधी, त्यात मँगनीज असतं ते वाळायला मदत करतं. टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम रेंगाळतात. घाई असेल तर अल्किड मीडियम मिळतं, थेंबभर मिसळलं की दुसऱ्या दिवशी बहुतेक वाळलेलं. वाळताना कपाटात बंद करू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेडात ठेवलं की परत बरंचसं निवळतं. आणि तोरणमाळला जाच. वरून सीताखाईत खाली बघितलं की पुढचा कडा काळा आणि मागचे डोंगर एकामागे एक फिकट होत जातात, पत्त्याएवढ्या बोर्डाला याहून चांगला विषय नाही.

नवखी_नंदुरबार
खूप खूप धन्यवाद दादा. कंपासपेटी धाकट्या भावाची ढापली आहे.

पाणीरंग
मूळ प्रश्नावर परत येतो. गेल्या आठवड्यात मुद्दाम दुपारी तीनला गिरणेच्या पात्रात बसलो, माझं नेहमीचं जलरंगाचं सामान आणि मित्राचा तैलरंगाचा लहान डबा, दोन्ही घेऊन. गिरणेची वाळू तेव्हा पांढरी नसते हो, तिच्यात गुलाबी असतो, आणि पलीकडच्या काठाची सावली जांभळी. जलरंगात वाळू छान आली, कागदाचाच पांढरा सोडला ना. तेलात सावली छान आली, कारण ती मला पुसून परत ठेवता आली. माझं मत अजून जलरंगाकडेच आहे, पण दुपारी तीनला तेल बरं, एवढं लिहून देतो.

तापीकाठ
वाळूच्या गुलाबीबद्दल शंभर टक्के. आणि मी एवढं मानतो की कागदाचा पांढरा जसा चमकतो तसा टायटॅनियम कधीच चमकत नाही.

सातपुडा_भटक्या
मग एकदा सगळे एकत्र बसूया का? चांगदेवला? तापी-पूर्णेचा संगम, काठावर जुनं देऊळ, समोर पाणी. जळगाव, भुसावळ, रावेर सगळ्यांना जवळ. धुळे-नंदुरबारवाल्यांना जरा लांब पडेल.

केळीवाला_रावेर
या ना! थंडी पडली की या, डिसेंबरात. भरीत-पुरीचं माझ्याकडे लागलं, वांगी घरची. फक्त रंगाचे हात धुऊन जेवायला बसायचं, साबण मी ठेवतो.

रंगरेषा
काका, साबणाचं बरं केलंत. कॅडमियमचे रंग वापरणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं. मी शाळेतली चार-पाच मोठी मुलं आणली तर चालेल ना? आणि व्हार्निशचं राहिलं, तिथे बसूनच बोलू. तोवर कोणी घाईने व्हार्निश मारू नका, वरून वाळलेलं दिसलं तरी आतून सहा महिने तरी जाऊ द्यायचे.

केळीवाला_रावेर
मुलं आणाच ताई. शनिवार नको पण, केळीची गाडी भरायची असते. रविवार ठेवा आणि किती जण ते आधी कळवा, त्या हिशोबाने वांगी उतरवतो.

जिभाऊ_साक्री
मी येस. चित्र येत नही, पण भरीत भाजाले हात लागतीन ना!